मुलगी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला चाललीये, खूप मोठ्या युनिव्हर्सिटीत. आईबाबांनी काय करावं आणि काय अजिबात करू नये?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी कृपया हलवावा.

लेक पुढच्या महिन्यात इंजिनियरिंगला जातेय. आनंद आहेच, पण कॅम्पस बघून आल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय. शाळेत तिच्या वर्गात चाळीस मुलं होती, सगळ्या शिक्षकांना तिचं नाव माहीत. इथे एका लेक्चर हॉलमध्ये तीनशे खुर्च्या मोजल्या मी. आणि आजवर तिचं सगळं मीच बघत आले, सकाळी उठवणं, फॉर्म भरणं, कुठली परीक्षा कधी ते कॅलेंडरवर लिहून ठेवणं, सगळं. आमच्या दोघांपैकी कोणीच इंजिनियर नाही त्यामुळे घरात विचारायला पण कोणी नाही.

प्रश्न असे आहेत की लॅपटॉप आत्ताच घेऊ का आणि कुठला, सुट्टीत पुढचा अभ्यास करून घ्यावा का, फोन रोज करायचा की नाही, काही अडलं तर कॉलेजमध्ये आम्ही कोणाला गाठायचं. आणि शेवटचा, जो मला रात्री झोपू देत नाही, तिला आजपर्यंत नव्वदच्या खाली मार्क पडलेले नाहीत, तिथे पहिल्यांदा पडले तर काय?

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी प्लीज लिहा, मोठं लिहिलंत तरी चालेल.

जुनापाना

अभिनंदन ताई. मी मेकॅनिकलवाला, वीसेक वर्षं नोकरी झाली. दोन सोप्या प्रश्नांची उत्तरं देतो, अवघड जाणकारांसाठी ठेवतो.

लॅपटॉप आत्ता घेऊ नका. आधी डिपार्टमेंटच्या पानावर काय लिहिलंय ते बघा, बहुतेक ठिकाणी किमान काय लागतं ते दिलेलं असतं. ब्रँचवर बरंच अवलंबून आहे. कॉम्प्युटर सायन्सला साधारण काहीही चालतं, पण मेकॅनिकल किंवा सिव्हिलला ड्रॉइंगची सॉफ्टवेअर येतात आणि त्यातली काही फक्त विंडोजवर चालतात, कॉम्प्युटरवर बसवायच्या सॉलिडवर्क्सची मॅकसाठी आवृत्तीच नाही. मॅटलॅब, पायथन, सी या प्रोग्रामिंगच्या साधनांना काही अडचण नाही, दोन्हीकडे चालतात. रॅम १६ जीबी घ्या, एसएसडी घ्या, आणि वजन बघा, कारण दिवसभर तो पाठीवर असणार आहे. भारी ग्राफिक्स कार्डसाठी जीव टाकू नका, जड कामाला लॅबमधली मशिनं असतात. त्यापेक्षा बॅकअपची सवय लावा, सेमिस्टर संपता संपता डिस्क उडाली की काय होतं ते मी अनुभवलंय. कॅल्क्युलेटरचं पण तसंच, वर्ग सुरू होईपर्यंत थांबा, गणिताच्या बऱ्याच परीक्षांना तो वापरूच देत नाहीत आणि जिथे देतात तिथे कुठलं मॉडेल चालेल ते ठरलेलं असतं.

सुट्टीतला अभ्यास. पुढचं काही शिकवू नका. मागचं हाताला बसवा. बीजगणित, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, अपूर्णांक, कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय. कॅल्क्युलसच्या पेपरात मुलं आपटतात ती डेरिव्हेटिव्ह येत नाही म्हणून कमी आणि कंसाबाहेरचं वजा आत नेताना चिन्ह बदलायचं राहिलं म्हणून जास्त. रोज अर्धा तास पुरे, बाकी सुट्टी तिला तिची घालवू दे.

दोनचिमण्या

पान्यांना अनुमोदन, लॅपटॉपची घाई आम्ही केली होती आणि पस्तावलो.

माझा मोठा तिसऱ्या वर्षाला आहे. मी वेळेबद्दल लिहिते कारण आमचं तिथेच गणित चुकलं होतं, अक्षरशः गणित. टाइमटेबल आलं तेव्हा त्यानं फोन करून सांगितलं, आई आठवड्याला फक्त १५ तास लेक्चर आहेत, शाळेपेक्षा निम्मं! आम्ही पण खूश. मग पहिल्या महिन्यातच तो बुडायला लागला. नंतर कळलं की एका क्रेडिटमागे (म्हणजे साधारण आठवड्याच्या एका लेक्चर-तासामागे) वर्गाबाहेर निदान दोन तास धरायचे असा तिथला साधा हिशोब असतो, म्हणजे १५ चे ४५ तास झाले, म्हणजे पूर्णवेळ नोकरीच. आणि लॅब फसवी असते, तीन तास उभं राहायचं, वर रिपोर्ट लिहायचा, आणि क्रेडिट बऱ्याचदा एकच.

आम्ही सुट्टीत घरी बसून कागदावर मांडलं. आठवड्याचे तास १६८. झोप रोज ८ धरली तर ५६ (१८ ते २५ वयाला ७ ते ९ तास झोप हवी असं अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशननं २०१५ साली सांगितलंय, मी त्याला ते वाचायलाच लावलं). अभ्यासाचे ४५ गेले. उरले ६७. वाटतं केवढे! पण त्यात कपडे धुणं, जेवणं, रांगा, एका बिल्डिंगमधून दुसरीत चालत जाणं आणि मोबाइल. शेवटी त्याला सापडलं की वेळ कुठे सांडतोय, तर दोन लेक्चरमधल्या तासा-दीड तासाच्या फटीत. तेवढ्यासाठी तो रूमवर जायचा, आडवा व्हायचा, आणि पुढचं लेक्चर पण जायचं. आता फट आली की लायब्ररी, रूमवर जायचंच नाही. एवढ्या एका बदलानं त्याच्या रात्री सुटल्या.

तुम्ही तिला उठवता असं लिहिलंय ना, ते आजपासून बंद करा. आत्ता घरी उशीर झाला तर एखादी गोष्ट हुकेल, तिथे परीक्षा हुकेल. सुट्टीचा महिना आहे तोवर स्वतःचं स्वतः उठायला, कपडे धुवायला, डॉक्टरची वेळ स्वतः फोन करून घ्यायला लावा. माझ्या मुलाला ताप आल्यावर काय बोलायचं आणि कुठे जायचं हे माहीत नव्हतं, आणि ती चूक माझी होती.

पाटीपेन्सिल

नमस्कार. मी एका मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकवते, तीनशेच्याच वर्गात. त्यामुळे "आम्ही कोणाला गाठायचं" या प्रश्नावर पलीकडच्या बाजूनं लिहिते.

निळीशाई, तुम्ही कोणालाच गाठायचं नाहीये. तिनं गाठायचंय. पालकांच्या ईमेल मला येतात आणि बहुतेकांना मी उत्तर देऊ शकत नाही. अमेरिकेत तर १९७४ पासून कायदाच आहे, फर्पा म्हणतात त्याला, मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो आणि काही अपवाद सोडले तर त्याच्या लेखी परवानगीशिवाय मार्क घरी सांगता येत नाहीत. बाकी देशांत नियम वेगळे असतील पण माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांची भावना तीच असते. आईची ईमेल आली की मला आई कळते, मुलगी कळत नाही.

आता ऑफिस अवर्स. हा शब्द तिला घरातूनच शिकवून पाठवा. आठवड्यात ठराविक तास मी दार उघडं ठेवून फक्त विद्यार्थ्यांसाठी बसलेली असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाहेर रांग लागते, बाकीचे आठवडे मी एकटीच बसून असते. मुलांना वाटतं की तिथे एकतर फार हुशारांनी जायचं नाहीतर ज्यांनी काही चूक केलीये त्यांनी. शाळेत बाईंच्या खोलीत बोलावणं म्हणजे काहीतरी घडलंय असाच अर्थ असायचा ना, ते डोक्यात बसलेलं असतं.

तिला सांगा की पहिल्या दोन आठवड्यांत, काही अडलेलं नसताना, एकदा जाऊन यायचं. नाव सांगायचं, एक छोटा प्रश्न विचारायचा, पाच मिनिटं. दार ओळखीचं झालं की अडल्यावर पाय तिकडे वळतात. आणि नंतर जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही. "मला काही कळलं नाही" म्हटलं की मी पण कुठून सुरू करू? अर्धं पान लिहून न्यायचं, इथपर्यंत आले, इथून पुढे जमेना. त्या अर्ध्या पानावरून मला दोन मिनिटांत कळतं की गाठ कुठे आहे. प्रोफेसरची भीती वाटली तर टीएकडे (टीचिंग असिस्टंट, शिकवण्यात मदत करणारे सीनियर विद्यार्थी) जायचं, ती मुलं दोन-चार वर्षांनीच मोठी असतात आणि बऱ्याचदा आमच्यापेक्षा छान समजावतात.

अजून एक, अभ्यासाच्या पद्धतीबद्दल, कारण हुशार मुलं इथेच फसतात. शाळेत वाचून वाचून पाठ करून भागलेलं असतं. इथे सोडवलेलं उदाहरण वाचलं की "हो, कळलं" वाटतं आणि पेपरात कोऱ्या कागदासमोर हात चालत नाही. यावर रोडिगर आणि कार्पिके या दोघांचा २००६ चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे चांगलेच पुढे. मी वर्गात दरवर्षी सांगते. उदाहरण झाका, कोऱ्या कागदावर सोडवा, अडलं की एक ओळ बघा, परत झाका. हळू वाटतं, चीड येते, पण तोच अभ्यास.

आणि नेटवर तयार उत्तरं मिळतात, आता चॅटबॉटही सोडवून देतात. गृहपाठ पूर्ण मार्कांचा आणि परीक्षा तिसाची अशी वही दिसली की मला लगेच कळतं काय झालंय. त्यांच्याकडून समजावून घ्यायला माझी हरकत नाही, पण नंतर खिडकी बंद करून स्वतः करता आलं पाहिजे.

निळीशाई

बापरे किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप धन्यवाद. पाटीपेन्सिल ताई, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला, तिनं "अर्धं पान" वहीत लिहून ठेवलं.

आज सकाळी उठवलं नाही. उशिरा उठली, मी काही बोलले नाही, जड गेलं.

पण एक विचारते, तिनं स्वतःहून सांगितलंच नाही तर? मार्क आम्हाला कळणार नाहीत, शिक्षकांना विचारायचं नाही, मग काही बिनसलं तर घरी कळणार कसं?

सरळरेघ

मला हे सगळं पटत नाहीये, स्पष्टच लिहितो. फी आपण भरतो, मुलं सतराअठराची असतात, त्यांना एकदम मोकळं सोडून द्यायचं हे बरोबर नाही. आमच्या मुलाच्या पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडे आहे, दर रविवारी मी हजेरी आणि मार्क बघतो, आणि त्यामुळेच तो रुळावर आहे. शिस्त सुटली की सुटते.

आणि शिक्षकांबद्दल पण बोलू या की. मागच्या आठवड्यात त्याच्या लॅब रिपोर्टचे मार्क कापले, का तर उत्तराला युनिट लिहिलं नाही म्हणून. आकडा बरोबर, पद्धत बरोबर, आणि मार्क गेले. हा काय न्याय झाला?

जुनापाना

सरळरेघ, तुमची काळजी खरी आहे त्याबद्दल वाद नाही. पण युनिटबद्दल लिहू द्या कारण ते माझ्या पोटापाण्याचं आहे. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापर्यंत पोचलं आणि तिथेच हरवलं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत येत होते आणि पुढचा हिशोब ते न्यूटन-सेकंद आहेत असं धरून चालला होता. एका पाउंड-फोर्सचे जवळपास ४.४५ न्यूटन होतात, म्हणजे प्रत्येक वेळी चौपटीपेक्षा जास्त चूक. यान ठरलेल्या उंचीपेक्षा फारच खालून गेलं. आकडे बरोबर होते हो, युनिट नव्हतं. त्या टीएनं मुलाचे दोन मार्क कापले असतील, पण तो आता जन्मभर युनिट लिहील. माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, युनिट नसलेला आकडा माझ्या टेबलावर आणायचा नाही.

पासवर्डबद्दल मला वेगळं वाटतं पण त्यावर अनुभव असलेल्यांनी लिहावं.

उंबरठा

अनुभव आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, लिहितोच.

आमचा मुलगा तुमच्या लेकीसारखाच, कधी पहिल्या तीनातून बाहेर गेला नाही. तो निघायच्या आदल्या दिवशी घरात सगळे जमले होते आणि मी कौतुकानं, अगदी कौतुकानंच म्हणालो, आमच्या घरात आजवर कोणी नापास झालेलं नाही. एवढंच वाक्य. मी विसरूनही गेलो.

पहिल्या मिडटर्मला त्याला कॅल्क्युलसमध्ये ३८ पडले. शंभरपैकी. त्यानं फोनवर सांगितलं, "बरा गेला". वर्गाचं सरासरी पन्नासच्या आसपास होतं हे त्यानं बघितलंच नाही, त्याला फक्त ३८ दिसत होते. मग लेक्चरला जाताना त्याला वाटायला लागलं की बाकीच्यांना सगळं कळतंय, आपल्यालाच नाही. एक लेक्चर चुकवलं, दुसरं चुकवलं, आणि मग तिसऱ्यापासून काहीच कळेना म्हणून जाणंच बंद. विषय ड्रॉप करायची तारीख होती ती त्याला माहीत होती की नाही देव जाणे, ती गेली. सेमिस्टरला नापास. आता कॅल्क्युलसचा पहिला भाग पास नाही म्हणून दुसरा घेता येईना, आणि दुसरा नाही म्हणून फिजिक्सचा पुढचा विषय अडला, एकाला एक लागलेले डबे असतात तसं सगळं थांबलं. आणि हे सगळं होत असताना तो रोज रात्री आमच्याशी दहा मिनिटं छान बोलायचा. रोज! सरळरेघ, फोन रोज होता आमचा. पासवर्ड पण होता, तो त्यानं मधेच बदलला आणि साइट बिघडलीये म्हणाला, मी विश्वास ठेवला.

आम्हाला नवव्या महिन्यात कळलं. रात्री दोनला फोन आला, तो रडत होता, आणि त्यानं सगळं सांगितल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो हा की "मग इतके दिवस करत काय होतास?" त्याच्या आईनं फोन माझ्या हातातून घेतला. आजही तो प्रश्न मला परत घ्यावासा वाटतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. युनिव्हर्सिटीचा काउन्सेलर होता, तो भला माणूस निघाला, त्याच्याकडे आठवड्याला जायला लागला. पुढच्या सेमिस्टरला कमी विषय घेतले, कॅल्क्युलस परत केलं, एकटा न बसता तिघांच्या गटात. पदवीला एक वर्ष जास्त लागलं. आता नोकरीत आहे, बरं चाललंय. मागे एकदा मी विचारलं की तेव्हा का नाही सांगितलंस, तर म्हणाला, बाबा, घरात पहिला नापास मी व्हायचं नव्हतं.

निळीशाई ताई, "घरी कळणार कसं" विचारलंत ना. ती निघायच्या आधी शांतपणे, घरात दुसरं कोणी नसताना तिला सांगा की कमी मार्कांचा फोन करायची तुला पूर्ण मुभा आहे, आणि तो फोन आला की आम्ही ओरडणार नाही, पहिलं वाक्य काय बोलायचं ते आम्ही आत्ताच ठरवून ठेवलंय. आणि खरंच ठरवून ठेवा. ऐन वेळेला तोंडातून जे यायचं ते येतं.

दोनचिमण्या

उंबरठा दादा, वाचून डोळे भरून आले. लिहिलंत हे फार मोठं केलंत. मुलाला शुभेच्छा सांगा.

पाटीपेन्सिल

उंबरठा, तुमच्या मुलासारखी दोन-चार मुलं मला दरवर्षी दिसतात आणि बहुतेक वेळा दिसतात तेव्हा तारीख गेलेली असते. म्हणून त्या तारखेबद्दलच लिहिते.

सेमिस्टरच्या सुरुवातीला एक तारीख असते तोवर विषय बदलता किंवा सोडता येतो, कुठेच नोंद राहत नाही. मग साधारण मध्यानंतर दुसरी असते, तोवर सोडलं तर गुणपत्रिकेवर सोडल्याची खूण राहते पण नापासाचा शिक्का बसत नाही आणि सरासरीत धरत नाहीत. त्यानंतर मिळेल ते घ्यायचं. प्रत्येक विद्यापीठाचे दिवस वेगळे, म्हणून ॲकॅडमिक कॅलेंडर उघडून या दोन तारखा तिनं स्वतः लिहून घ्यायच्या (तुम्ही नाही, तिनं!). पण सोडायच्या आधी ॲडव्हायजरला (विषय निवडताना सल्ला देणाऱ्याला) भेटणं आवश्यक, कारण ठराविक क्रेडिटच्या खाली गेलं तर पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही, मग स्कॉलरशिप, हॉस्टेल, परदेशात असेल तर व्हिसा, या सगळ्यावर गदा येऊ शकते. विषयांची साखळी दाखवणारा तक्ताही डिपार्टमेंटकडे असतो, कुठला विषय कशाच्या आधी लागतो ते. पहिल्याच भेटीत मागून घ्यायचा.

आणि मार्क एकटे वाचायचे नाहीत. ४० म्हणजे काय हे वर्गाचं सरासरी बघितल्याशिवाय कळत नाही. आम्ही मुद्दाम अवघड पेपर काढतो, नव्वद पडावेत म्हणून नाही, कोण कुठपर्यंत पोचलंय ते दिसावं म्हणून.

सरळरेघ, फी भरणाऱ्याला काही कळू नये असं मी म्हणत नाही. सेमिस्टर संपल्यावर निकाल ती स्वतः उघडून दाखवेल असं आधीच बोलून ठेवा. दर रविवारची तपासणी आणि हे, यात फार फरक आहे.

ओलीमाती

मी इथे सगळ्यांत लहान असेन बहुतेक, चौथ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. आई हा धागा वाचत होती, म्हणाली तू लिही.

काकू, मला सगळ्यात जड गेलं ते मार्क नव्हते. आमच्या लॅबच्या बॅचमध्ये साठात आठ मुली होतो आणि बरीच मुलं आधीच ब्रेडबोर्ड, सोल्डरिंग वगैरे करून आलेली, मी मल्टिमीटर पहिल्यांदा हातात धरलेला. मला वाटायचं मला चुकून ॲडमिशन मिळालीये आणि कधीतरी हे उघडकीला येईल. मग एका सीनियर ताईनं सांगितलं की याला नावसुद्धा आहे, पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली यावर लिहिलंय, चांगलं यश मिळवलेल्या बायकांवरच अभ्यास होता तो, इम्पोस्टर म्हणतात त्या भावनेला. नुसतं नाव कळलं तरी मला केवढा आधार वाटला होता. लेकीला आधीच सांगून ठेवा.

फोनबद्दल, आमचं रविवार संध्याकाळ ठरलेलं आहे, मधे मला वाटलं तर मी करते. रोज "काय खाल्लं, काय केलं" झालं की मी हो-नाही एवढंच बोलायचे. आणि बाबा आधी विचारायचे किती पडले, आता विचारतात सध्या कशात अडकलीयेस? त्यांना सर्किटमधलं काही कळत नाही तरी ऐकतात. त्यांना समजेल असं सांगता सांगता मला माझंच कळतं बऱ्याचदा. लोकेशन मात्र चालू ठेवायला लावू नका प्लीज, मैत्रिणीच्या घरचे ठेवतात, ती फोन रूमवर ठेवून बाहेर जाते, ते जास्त धोक्याचं आहे ना.

गट पहिल्या महिन्यातच जमवायचा, तिघी-चौघांचा. आधी प्रत्येकीनं एकटीनं प्रयत्न करायचा आणि मग भेटायचं, नाहीतर एकच सोडवते आणि बाकीच्या उतरवतात.

वाटाड्या

छान चालू आहे धागा. एक राहिलं, क्लब आणि टीम. रेसिंग कार, रोबोट, ड्रोन असं काही ना काही असतंच, एकात जावं, पहिल्या सेमिस्टरला एकातच. सुरुवातीला झाडू मारायला आणि बोल्ट शोधायला लावतात, तेही करावं, कुठला बोल्ट कुठे बसतो ते तिथेच कळतं. माझ्या भाचीला इंटरव्ह्यूत सगळे प्रश्न त्या गाडीच्या सस्पेन्शनवर विचारले, मार्कांवर एकही नाही.

आणि काही ठिकाणी पहिलं वर्ष सगळ्यांना समान असतं आणि ब्रँच पहिल्या वर्षाच्या ग्रेडवर मिळते. तसं आहे का हे आत्ताच विचारून घ्या. ब्रँच तिची तिला निवडू द्या.

सरळरेघ

उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रात्री मुलाला फोन केला, पासवर्ड बदल म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, बाबा खरंच? सेमिस्टर संपल्यावर निकाल एकत्र बघायचा असं ठरलंय. मला अजून धाकधूक आहे, पण बघू.

निळीशाई

दहा आठवड्यांनी धागा वर काढतेय, माफ करा.

ती गेली. जायच्या आधी उंबरठा दादांनी सांगितलं तसं आम्ही दोघं तिच्याशी बोललो, घरात दुसरं कोणी नसताना. ती म्हणाली, आई तू रडतेयस का, मी म्हटलं नाही, पण रडत होते. पहिलं वाक्य कागदावर लिहून मी फ्रिजवर चिकटवलं होतं, "कशात अडकलीस ते सांग". ओलीमाती, वाक्य तुझ्या बाबांचं आहे, त्यांना माझा नमस्कार सांग.

फोन रविवारचा ठरलाय. परवा बुधवारी आला. बुधवारी फोन म्हटल्यावर मला कळलंच. फिजिक्सच्या मिडटर्मला ४३. आवाज अगदी बारीक झालेला. मी फ्रिजपाशी जाऊन उभी राहिले आणि कागदावरचं वाचून दाखवलं, अक्षरशः वाचून, कारण डोक्यात दुसरंच येत होतं. ती गप्प. मग म्हणाली, टेबलावर एक ठोकळा आहे, त्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि खाली वजन लटकतंय, ठोकळा किती वेगानं सरकेल ते काढायचं. मला काही कळलं नाही. मी म्हटलं मग? दोरी कोण ओढतंय? ती सांगत गेली, मी मधेमधे वेड्यासारखे प्रश्न विचारत गेले, असा पाऊण तास. शेवटी म्हणाली, बहुतेक मी घर्षणाची दिशा उलटी घेतली. आणि मग स्वतःच म्हणाली की वर्गाचं सरासरी ४८ आहे, म्हणजे मी अगदीच तळाला नाहीये. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

आज दुपारी तिचा मेसेज आला, तो तसाच लिहिते. "गेले होते अर्धं पान घेऊन. सर एकटेच होते, मग अजून दोघी आल्या. घर्षण बरोबर होतं माझं! दोरीतला ताण मी लटकणाऱ्या वजनाएवढाच धरला होता. पण वजन तर खाली जाताना वेग घेतंय, मग ताण कमीच असणार ना. तिघी मिळून परत सोडवलं. रविवारी त्या दोघी आणि मी लायब्ररीत बसणार आहोत त्यामुळे फोन जरा उशिरा करेन."

विषय सोडायची तारीख अजून अकरा दिवसांवर आहे, तिनं स्वतः लिहून ठेवलीये. ॲडव्हायजरची वेळ सोमवारची घेतलीये, पण तिला सोडायचा नाहीये म्हणते. आत्ता लॅब रिपोर्ट लिहीत बसलीये. जुनापाना दादा, मंगळाच्या यानाचं मी तिला सांगितलं होतं, प्रत्येक आकड्यापुढे युनिट आहे असा फोटो पाठवलाय तिनं.